कॉर्सेटवर एवढं लिहिलं गेलं, पण त्याची कडी कुणी तपासली?

लिटरेचर रिव्ह्यूला बसलात की एक अनुभव हमखास येतो. एकाच वस्तूबद्दल दोन विद्वान अगदी उलटी विधानं करतात, दोघंही ठामपणे करतात आणि दोघांच्याही तळटिपा एकदम नीटनेटक्या असतात. अशा वेळी आपण काय करतो? 'याबाबत अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत' असं एक गुळमुळीत वाक्य लिहितो आणि पुढच्या परिच्छेदाकडे पळतो. आजची पोस्ट त्या गुळमुळीत वाक्याबद्दल आहे. त्यासाठी वस्तू घेतली आहे अगदी बोटभर: कॉर्सेट पुढून बंद करायची धातूची खुंटी आणि कडी.

पहिलं विधान असं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेतलं कॉर्सेट पुढून उघडायला लागलं. त्यामुळे पाठीमागची दोरी दरवेळी पूर्ण सोडायची-ओवायची गरज उरली नाही. बाई मोलकरणीच्या मदतीशिवाय कपडे घालू लागली, म्हणजे एका अर्थाने सुटली. दुसरं विधान: याच पोलादी कडीमुळे कॉर्सेट रोजच्या रोज, झटपट आणि जास्त आवळून घालणं शक्य झालं. म्हणजे बाई जास्तच जखडली. कडी तीच, पट्टी तीच, निष्कर्ष मात्र एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. माझं म्हणणं सोपं आहे. एकाच भागातून दोन विरुद्ध निष्कर्ष इतक्या सहज निघत असतील, तर तो भाग कुणी नीट पाहिलेला नाही अशी शंका घ्यायला हरकत नाही.

म्हणून आधी वस्तू पाहू. विद्वान नंतर.

कॉर्सेटच्या पुढच्या बाजूला, छातीपासून ओटीपोटापर्यंत जी ताठ पट्टी असते तिला बस्क म्हणतात. मराठीत शब्द नाही, कारण वस्तूच नव्हती, तेव्हा मीही बस्कच म्हणते. सुरुवातीची काही शतकं बस्क म्हणजे एकच अखंड पट्टी असे. लाकडाची, हाडाची, हस्तिदंताची, कधी धातूची. पुढच्या कापडात एक लांब खिसा असायचा, त्यात ती सरकवायची. व्हेलच्या शिकारीला गेलेले खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर बसून अशा पट्ट्यांवर नक्षी कोरत आणि परतल्यावर प्रेयसीला देत. आज त्या संग्रहालयांत आहेत. पण अशी पट्टी म्हणजे पुढून बंद भिंत. कपडा उघडायचा तो सहसा पाठीमागूनच.

मग ही भिंत उभी चिरली गेली. दोन पोलादी पट्ट्या झाल्या. पुस्तकांमध्ये याचं श्रेय बऱ्याचदा फ्रान्समधल्या ज्याँ-ज्यूलियँ जोस्लँ याला आणि १८२९ या सालाला दिलेलं आढळेल. इथे पेन्सिलने एक खूण करा. कारण पुढून उघडणारी कॉर्सेटं सर्रास दिसायला लागतात ती १८५० च्या आसपास आणि नंतर. मधली वीसेक वर्षं गेली कुठे? पेटंटचं साल म्हणजे वापराचं साल नव्हे, हे तुम्हाला माहीत असतं. मला माहीत होतं, सगळ्यांना असतं. तरीही प्रबंध लिहिताना '१८२९ पासून स्त्रिया...' असं वाक्य बोटांतून आपोआप उतरतं.

आता रचना. एका पट्टीवर गोल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या असतात, सहसा घालणारीच्या डाव्या बाजूला. दुसऱ्या पट्टीवर चपट्या पत्र्याच्या कड्या रिव्हेटने बसवलेल्या. साधारण पाच जोड्या. कडीचं भोक चावीच्या भोकासारखं असतं: एका टोकाला रुंद, एका टोकाला अरुंद. रुंद भागातून खुंटीचं डोकं आत जातं, मग दोन्ही बाजू एकमेकींपासून ओढल्या गेल्या की खुंटीची मान अरुंद भागात जाऊन बसते. ओढ जितकी जास्त तितकी ती घट्ट बसते. आपल्या दाराच्या कडी-कोयंड्याला अडसर लागतो, इथे अंगावरचा ताण हाच अडसर. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, हलणारा एकही भाग नाही. मला विचाराल तर शतकानुशतकं अंगावर घातलेल्या कपड्यांमधल्या सगळ्यात हुशार जोडण्यांपैकी ही एक आहे.

बहुतेक बस्कमध्ये खालच्या दोन खुंट्या एकमेकींच्या जास्त जवळ असतात. वरच्या तीनमधलं अंतर मोठं, खालचं कमी. पोटाच्या खालच्या भागात बसता-उठताना पट्टीला बाहेर ढकलणारा जोर जास्त, म्हणून तिथे दोन टाके जवळजवळ. शिवाय शिवणारीला बस्कची खालची बाजू कोणती ते हाताला कळतं.

कडी उघडायची असेल तर ओढ घालवावी लागते. म्हणजे आधी पाठीमागची दोरी सैल करायची, मग दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे दाबायच्या, मग खुंटी सुटते. दोरी सैल न करता नुसती जबरदस्ती केली तर पट्टी वाकते किंवा कडीचा रिव्हेट हलतो. आज जुन्या पद्धतीची कॉर्सेटं शिवणारे लोक नवख्यांना पहिली सूचना हीच देतात. आता वरच्या दोन विधानांकडे परत या. 'कडीमुळे मोलकरणीची गरज संपली' हे अर्धंच खरं, कारण कडी दोरीशिवाय उघडतच नाही. दोरी पूर्ण काढावी लागत नाही, सैल मात्र करावीच लागते. मोलकरीण नसलेल्या बाईसाठी लांब ठेवलेल्या दोरीचे कंबरेजवळचे फास हा यातला तितकाच महत्त्वाचा भाग आहे. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यांचं पेटंट नाही. आणि पुढून दोरीने बांधायच्या चोळ्या कष्टकरी बायका आधीपासूनच घालत होत्या, म्हणजे सुटकेची सुरुवात करायची तर ती कडीपासून कशी करणार? 'कडीमुळे जास्त आवळता आलं' हेही अर्धंच. आवळणं होतं ते दोरीने. दोरीच्या भोकांत धातूच्या रिंगा आल्या, त्यामुळे कापड फाटायचं थांबलं, ते वेगळं प्रकरण. कडीचं काम पुढची बाजू एका रेषेत पक्की धरून ठेवणं. पुढची बाजू फक्त बंद किंवा उघडी असते, मधलं काही नाही. कमी-जास्त होतं ते पाठीमागे. म्हणून संग्रहालयातलं कॉर्सेट टेपने मोजून 'त्या काळच्या बाईची कंबर एवढी' असं कुणी लिहिलं की थांबा. पाठीमागे किती फट ठेवून ते घातलं जाई, हे ते कॉर्सेट सांगत नाही.

आता विद्वानांकडे येऊ.

या विषयावरची गाजलेली चकमक १९७७ सालची, 'साइन्स' या नियतकालिकातली. हेलेन रॉबर्ट्स यांचा लेख म्हणतो की व्हिक्टोरियन काळातल्या कपड्यांनी बाईला आज्ञाधारक, नाजूक, वेदना सोसणारी असं घडवलं. त्याच नियतकालिकात डेव्हिड कुंझल यांचं उत्तर: आवळून घालणाऱ्या बायका मुळीच आज्ञाधारक नव्हत्या, उलट त्यांच्यावर टीका करणारे सुधारकच स्त्रीविरोधी होते. दोन्ही लेख वाचा, एका संध्याकाळी सलग वाचा. भाषा जोरदार आहे, पुरावे बहुतेक छापील आहेत: मासिकांतली पत्रं, व्यंगचित्रं, डॉक्टरांचे इशारे, शिष्टाचाराची पुस्तकं. म्हणजे कॉर्सेटबद्दल लोक काय बोलत होते त्याचा हा अभ्यास. कॉर्सेटचा म्हणाल तर कमी.

व्हॅलरी स्टील यांचं २००१ सालचं 'द कॉर्सेट : अ कल्चरल हिस्टरी' यापुढे बरंच जातं. कॉर्सेट घालणाऱ्या सगळ्या बायकांचा एकच अनुभव नव्हता, वर्ग, वय, प्रसंग याप्रमाणे तो बदलत होता, हे त्या पटवून देतात. डॉक्टरी आरोपांची त्या एकेक करून छाननी करतात. त्या संग्रहालयात काम केलेल्या आहेत, आणि ते पानोपानी जाणवतं. या विषयावर एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा. पण तिथेही धातूचा भाग येतो तो 'तांत्रिक सुधारणा' या पोतडीत: रिंगा आल्या, बस्क आला, यंत्रावर शिवण आली, आता पुढे चला. सुधारणा कुणासाठी, कशात, काय तुटत होतं म्हणून? ते विचारायच्या आत आपण पुढच्या चित्रावर असतो.

याउलट नोरा वॉ यांचं १९५४ चं 'कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स'. त्यात सिद्धांत जवळजवळ नाही. खऱ्या कपड्यांवरून मापून काढलेले नमुने आहेत. नाटकाचे कपडे शिवणारे लोक ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत, आणि आपल्यासारखे संशोधक त्याला 'वर्णनात्मक' म्हणून बाजूला सारतात. हे मला खटकतं. वर्णनात्मक हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. सेमिनारमध्ये कुणाच्या पेपरला 'फार डिस्क्रिप्टिव्ह आहे' म्हटलं की बिचाऱ्याचा चेहरा पडतो. पण वर्णनच धड नसेल तर विश्लेषण कशाचं करणार? अलीकडे सारा बेंडल यांनी 'शेपिंग फेमिनिनिटी' या २०२१ च्या पुस्तकात जुने कपडे स्वतः पुन्हा शिवून पाहायची पद्धत वापरली आहे. त्यांचा काळ आधीचा, अखंड बस्कचा. पण पद्धत घेण्यासारखी आहे.

वस्तू न पाहता लिहिण्याचं एक टोक सांगते आणि मग मुख्य मुद्द्यावर येते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन बायकांनी कॉर्सेट घेणं थांबवलं आणि त्यातून २८,००० टन पोलाद वाचलं, दोन युद्धनौका बांधता येतील एवढं. हे वाक्य तुम्हाला लेखांत, व्हिडिओंत, संग्रहालयांच्या फलकांवरसुद्धा भेटेल. आता पाठीमागच्या पानावर हिशोब करू. बस्कची एक पट्टी धरा ३३ सेंटिमीटर लांब, साडेबारा मिलिमीटर रुंद, एक ते दीड मिलिमीटर जाड. पोलादाच्या घनतेने गुणलं की वजन येतं ३२ ते ४९ ग्रॅम. जोडी झाली जास्तीत जास्त शंभर ग्रॅमची. बाकीच्या बारीक पट्ट्या वीस धरल्या, प्रत्येकी सात ग्रॅम, तर एकशे चाळीस. म्हणजे एका भरभक्कम कॉर्सेटात पोलाद पाव किलोच्या आत. अमेरिकेचा लहान टन धरला तरी २८,००० टन म्हणजे अडीच कोटी किलो. भागाकार करा: दहा कोटी कॉर्सेटं. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची एकूण लोकसंख्या साडेदहा कोटींच्या घरात होती, आजोबा आणि तान्ही बाळं धरून! आकडा दोन-तीन वर्षांचा एकत्र असेल, कारखान्यातल्या साठ्याचा असेल, उत्पादनातली कात्रणं धरलेली असतील, काहीही असू शकतं. पण 'वर्षभरात बायकांनी अंगावरून उतरवलेलं पोलाद' असं ते नसणार, एवढं पाच मिनिटांत कळतं. युद्धनौकेची उपमा इतकी गोड आहे की भागाकार करावासा कुणाला वाटला नाही.

आता जी केस मला खरंच महत्त्वाची वाटते ती. 'एग्बर्ट विरुद्ध लिपमन', अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १८८१. बौद्धिक संपदेचा पेपर घेतलेल्यांपैकी काहींनी ही केस वाचली असेल, आणि ती शिकवताना वर्गात हशाही पिकला असेल.

घडलं ते असं. १८५५ सालच्या जानेवारी ते मे दरम्यान फ्रान्सिस ली आणि तिची एक मैत्रीण बोलत होत्या की कॉर्सेटच्या पोलादी पट्ट्या सारख्या तुटतात. सॅम्युएल बार्न्स नावाचा मित्र तिथे होता. तो म्हणाला, न तुटणारी जोडी मी करून देऊ शकेन असं वाटतं. पुढच्या भेटीत त्याने स्वतः बनवलेली जोडी आणून दिली. तिने ती बराच काळ वापरली. १८५८ मध्ये त्याने आणखी एक जोडी दिली, तीही तिने बराच काळ वापरली. कॉर्सेटचं कापड झिजलं की ती उसवून पट्ट्या बाहेर काढायची आणि नव्या कॉर्सेटात घालायची. पुढे दोघांचं लग्न झालं. १८६३ मध्ये घरी आलेल्या स्टर्जिस नावाच्या माणसाशी बोलताना बार्न्सने या पट्ट्यांचा विषय काढला. त्याने पाहायला मागितल्या. फ्रान्सिस आत गेली, कॉर्सेट आणि कात्री घेऊन आली, कापड उसवून पट्ट्या बाहेर काढल्या, आणि त्या कशा बनवल्या, कशा वापरायच्या ते बार्न्सने समजावून सांगितलं. पेटंटसाठी अर्ज केला तो थेट मार्च १८६६ मध्ये. जुलैत पेटंट मिळालं. बार्न्स वारल्यावर १८७३ मध्ये ते फ्रान्सिसच्या नावे, मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून, पुन्हा जारी झालं. नंतर तिचं आडनाव एग्बर्ट झालं आणि तिनेच नक्कल करणाऱ्यांवर दावा लावला.

ती हरली. तेव्हाचा नियम असा की अर्जाआधी दोन वर्षांपेक्षा जास्त काळ शोधकाच्या संमतीने सार्वजनिक वापर झालेला असेल तर पेटंट टिकत नाही. न्यायमूर्ती वुड्स यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं की काही वस्तूंचा वापर स्वभावतःच लोकांच्या नजरेआड होतो. शोधकाने कोणतीही अट न घालता, गुप्ततेचं बंधन न घालता वस्तू दुसऱ्याला दिली, तर एकाच व्यक्तीने वापरली तरी तो सार्वजनिक वापरच. न्यायमूर्ती मिलर यांनी असहमती नोंदवली. त्यांचा मुद्दा असा की एका बाईच्या कपड्यांच्या आतली पट्टी जर सार्वजनिक, तर मग खाजगी वापर कशाला म्हणायचं?

कायद्याच्या वर्गात गोष्ट इथे संपते. आतल्या कपड्याचा सार्वजनिक वापर, हाहा. सांस्कृतिक इतिहासवाले इथे आले तर बाईच्या शरीरावर कोर्टाची नजर वगैरे दिशेने जातात, आणि तो मुद्दा क्षुल्लक नाही. कारा स्वान्सन यांनी २०११ च्या लेखात हीच केस स्त्रीवादी नजरेने वाचली. पेटंट कायद्याच्या पाठ्यपुस्तकांनी जे कॉर्सेट गंमत म्हणून बाजूला ठेवलं होतं ते त्यांनी मध्यभागी आणलं. या केसवर काही लिहायचं तर त्यांच्यापासून सुरुवात करणं भाग आहे. पण मला त्याहून एक पाऊल आत, पट्टीत जायचंय.

पेटंट कशाचं होतं ते बघा. खुंटी-कडीचं नव्हे. ज्या पट्टीवर खुंटी-कडी बसते तिचं. निकालात ते स्पष्ट दिलंय: एका जाड पट्टीऐवजी दोन किंवा अधिक पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्यभागी जोडायच्या, टोकांजवळ अशा धरायच्या की त्या बाजूला निसटणार नाहीत, पण लांबीच्या दिशेने एकमेकींवर सरकू शकतील. ओळखीचं वाटतंय? मालट्रकच्या मागच्या चाकावरचे पाटे आठवा. तेच तत्त्व. घोडागाडीच्या कमानींत ते आधीपासून होतं. बार्न्सने ते छातीशी आणलं.

याने फायदा काय होतो? पट्टी वाकवली की तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि तेवढ्याच बाकासाठी तो जाडीच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की ताण निम्मा. ताठपणा मात्र जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: निम्म्या जाडीची एक पट्टी एक-अष्टमांश ताठ, अशा दोन मिळून एक-चतुर्थांश. म्हणजे तेवढंच पोलाद दोन थरांत विभागलं तर पट्टी चौपट लवचिक होते. 'मग आधार कसा मिळणार?' हा प्रश्न रास्त आहे. मूळचाच ताठपणा हवा असेल तर दोन्ही थर मूळ जाडीच्या साधारण ऐंशी टक्के ठेवावे लागतील. पोलाद दीडपटीहून जरा जास्त लागेल, आणि ताण सुमारे एक-पंचमांशाने कमी होईल. ऐकायला थोडं वाटतं. पण दिवसातून कितीतरी वेळा बसणं, उठणं, वाकणं, आणि हे महिनोन्‌महिने: अशा वारंवार वाकण्याने धातू थकतो, आणि थकण्याच्या बाबतीत ताणातली एवढी घट आयुष्य कितीतरी वाढवते. त्यात बस्कला खुंट्या-कड्यांसाठी भोकं पाडलेली. भोकाच्या कडेला ताण एकवटतो. फ्रान्सिस आणि तिच्या मैत्रिणीची तक्रार एका ओळीत उरकलेली आहे, पण ती पूर्णपणे यंत्रशास्त्राची तक्रार आहे.

आता निकालातलं ते वाक्य परत वाचा, ज्यात ती जुनं कॉर्सेट उसवून पट्ट्या नव्यात घालते. कोर्टासाठी ते सार्वजनिक वापराचं प्रमाण. माझ्यासाठी ती चाचणीची नोंद. कापड झिजलं, पोलाद टिकलं. आधी पोलाद तुटायचं, आता कापड आधी जातं. अकरा वर्षांत दोन जोड्या. कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा अशी टिकाऊपणाची चाचणी एका बाईने स्वतःच्या अंगावर केली, आणि तीच तिच्या दाव्याविरुद्ध गेली.

इथे शेजारी दुसरी केस ठेवा. थोड्याच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने निकोल्सनच्या लाकडी रस्त्याचा खटला निकाली काढला होता. सॅम्युएल निकोल्सनने १८४८ मध्ये बॉस्टनजवळच्या टोलच्या रस्त्यावर लाकडी ठोकळ्यांचा तुकडा बसवला. सहा वर्षं त्यावरून गाड्या-घोडे गेले, सगळ्या जगादेखत. मग त्याने अर्ज केला. पेटंट टिकलं! कारण तो वापर प्रायोगिक ठरला. टोलनाक्यावरच्या माणसाची साक्ष होती की निकोल्सन जवळजवळ रोज यायचा, हातातल्या काठीने ठोकळे ठोकून बघायचा, लोकांना विचारपूस करायचा.

रस्ता उघडा, तरी प्रयोग. पट्टी झाकलेली, तरी सार्वजनिक वापर. यावरून 'कोर्ट पुरुषी होतं' असं एका दमात लिहू नका, थोडं थांबा. कायद्याच्या चौकटीत वुड्स यांचा निकाल कमकुवत नाही. निकोल्सनने रस्त्यावर स्वतःचं लक्ष ठेवलं होतं, बार्न्सने पट्ट्या देऊन टाकल्या. त्याने तपासणी केल्याची, अट घातल्याची नोंद नाही. शिवाय मधल्या काळात हीच रचना बाजारात जवळजवळ सगळीकडे पोचली होती, हेही निकालात आहे. अकरा वर्षं झोपलेल्या शोधकाला बाजार का परत द्यायचा, हा युक्तिवाद मला पटतो. स्वान्सन यांच्या दिशेने लिहिणाऱ्यांनी हा बाजाराचा मुद्दा तळटिपेत ढकलू नये असं मला वाटतं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. काठी घेऊन रोज येणारा माणूस 'तपासणी' करतो हे साक्षीदाराला दिसतं, कोर्टाला दिसतं. रोज पट्टी अंगावर बांधणारी, ती वाकते कुठे, टोचते कुठे हे अंगाला कळणारी, जुन्यातून काढून नव्यात घालणारी बाई काय करते? ती 'वापरते'. तपासणी आणि वापर यातली रेघ कुणी, कशावरून ओढली? फ्रान्सिसच्या वकिलांना तिला परीक्षक म्हणून उभं करता आलं असतं का? अशा प्रश्नाला प्रबंधाचं एक प्रकरण लागू शकतं, आणि तो प्रश्न पट्टी कशी वाकते हे न समजता सुचणार नाही.

तुमच्यापैकी काहीजण विचारतील, ताई, आम्ही कॉर्सेटवर कशाला पीएचडी करू? करू नका. पण तुमच्या विषयातही अशी एक कडी असणारच: जिच्यावरून सगळे पुढे जातात, 'तांत्रिक भाग' म्हणून. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ती हातात घेऊन बघा. संग्रहालयात जाता येत नसेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कॉर्सेटांचे मोठे फोटो आहेत. तिथे बस्कवरच्या खुंट्या मोजा, खालच्या दोनमधलं अंतर बघा, गंज कुठे आलाय ते बघा. घामाने गंजणाऱ्या पोलादाचा त्रास इतका होता की अमेरिकेतल्या वॉर्नर कंपनीने 'न गंजणारं' हाच जाहिरातीचा मथळा केला.

आणि तेही नको असेल तर हे करा. दोन पातळ प्लॅस्टिकच्या फूटपट्ट्या घ्या. एकीवर एक ठेवून बरोबर मध्ये रबर बँड घट्ट गुंडाळा. दोन्ही टोकांना सैलसर रबर लावा, म्हणजे त्या बाजूला निसटणार नाहीत. आता हळूच वाकवा आणि टोकांकडे बघा. आतली पट्टी बाहेरचीच्या पुढे किंचित सरकलेली दिसेल, एखाद-दोन मिलिमीटर. मग दोन्ही टोकं चिमटीत गच्च दाबून सरकू न देता तेवढंच वाकवून बघा, हाताला फरक कळेल. त्या एखाद-दोन मिलिमीटरसाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हे करून झालं की निकालातला पेटंटच्या वर्णनाचा परिच्छेद वाचायला घ्या. आता प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते कळेल.